मदत हवी आहे: मुलगा सारखा डोळे मिचकावतो, आता घसाही खाकरतो

सैरभैर_आई: डोळे मिचकावणं होतंच, आता त्यात घसा खाकरणं आलंय. "नको करूस" म्हटलं की दोन मिनिटं थांबतो, मग दुप्पट. डोळे तपासून झाले, थेंब घालून झाले, फरक शून्य. रोज यावरून घरात वाद. लवकर सांगा, काय करू?

पाणवठा: वय? कधीपासून? झोपेतही होतं का?

झुळूक: मोबाइल बंद करा. आमच्या मुलीचं पंधरा दिवसांत थांबलं.

पाणवठा: झुळूक, टिक्स (म्हणजे अशा आपसूक, वारंवार होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) पुष्कळदा आपोआपही जातात. मोबाइलमुळेच थांबलं कशावरून?

झुळूक: घरचा अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडून द्या.

सैरभैर_आई: सात पूर्ण. डोळे चार-पाच महिने, घसा तीन आठवडे. झोपेत काही नाही. बाई म्हणतात, वर्गात काहीच करत नाही! घरी दप्तर खाली ठेवायच्या आत सुरू. म्हणजे मुद्दामच ना?

जुनी_वही: मुद्दाम नाही हो. मला लहानपणापासून आहे. आधी पापणीत काहीतरी टोचल्यासारखं होतं, घट्ट मिचकावलं की क्षणभर सुटका. शिंक दाबावी तसं दाबता येतं, पण सगळं लक्ष त्यातच जातं. फळ्यावरचं डोक्यात शिरायचंच नाही. दिवसभर दाबलेलं घरी आल्यावर सुटतं. टोकणं मात्र आजच थांबवा.

पारवा: नखं खात असेल तर कडू लेप मिळतो, तो लावा.

पाणवठा: नखांचं कोण विचारतंय? ताई, टिक्स बहुधा 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, 10-12 च्या सुमारास जोर धरतात, पुढे बऱ्याच जणांच्या ओसरतात. मध्येच कमी-जास्त होतात, जागाही बदलतात. टुरेट (टिक्सचा दीर्घकाळ टिकणारा विकार) म्हणायला हालचाली आणि आवाज दोन्ही वर्षाहून जास्त काळ लागतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरी व्हिडिओ काढून न्या, त्यांच्यासमोर तो दाबून धरेल. जाच होत असेल तर वर्तनोपचार आहेत: चाहूल लागली की त्या हालचालीला अडवणारी दुसरी हालचाल करायला शिकवतात. भान हरपत असेल तर मात्र थांबू नका.

झुळूक: टुरेटचं नाव काढून घाबरवताय कशाला त्यांना?

जुनी_वही: नाव कळलं तेव्हा मला तर हायसं वाटलं होतं.

सैरभैर_आई: भान असतं, बोलता बोलता खाकरतो. आज टोकलं नाही. जेवताना वीसेक वेळा झालं, मी ताटाकडे बघत बसले. पण सासूबाई प्रत्येक वेळी "पुन्हा?" म्हणतात. त्यांना कसं सांगू?