मदत हवी आहे: जाळीकामाचे नग हॉलमार्कला नापास होतायत

मंडळी, सोलापुरात आमचं दागिने घडवायचं छोटं काम आहे. बाबा मूळचे बंगालचे कारागीर, हात तारकामात बसलेला. डिझाइन मी कम्प्युटरवर करतो. सराफांचं काम मजुरीवर घेतो.

22 कॅरेटची, 9-10 ग्रॅमची जाळीची पेंडंटं 916 (हजारात 916 भाग शुद्ध सोनं) ऐवजी 910 ला येऊन परत येत होती. त्याच सोन्याच्या साध्या अंगठ्या मात्र पास. म्हणजे घोळ झाळेतच (सांधे जोडायला वितळवतो त्या मिश्रधातूत). एका नगात साठ-सत्तर सांधे! झाळ जस्ताचीच वापरतो. केडीएम (कॅडमियमची झाळ) सुचवू नका, त्या धुराचा त्रास बाबांनी पुष्कळ सोसलाय. झाळ भुकटी करून अगदी बेताने लावली, तर 913 पर्यंत आलो. 920 चं सोनं घातलं तेव्हा पास झालं, पण त्या जादा सोन्याचे पैसे सराफ देत नाहीत. कास्टिंगला (साच्यात सोनं ओतून नग करायला) बाबा तयार नाहीत (जाळी मेल्यासारखी दिसते, हे मलाही पटतं).

आता लेझर वेल्डिंगचा विचार आहे, मशीन घ्यायची ऐपत नाही. 0.3 मिमीच्या तारेला झाळेशिवाय लेझरचा सांधा टिकतो, की तारच वितळते? आणि सोलापुरात किंवा पुण्यात मजुरीवर करून देणारे नगामागे साधारण काय घेतात?