मदत हवी आहे: शेतवस्तीवरच्या लहान मुलांना ११२ वर पत्ता सांगायला कसं शिकवावं?

बीड जिल्ह्यातली पहिली ते तिसरीची मुलं. आई-बाप ऊसतोडीला गेले की वस्तीवर आजी-आजोबा आणि एक बटणाचा फोन. ११२ (पोलीस, आग, रुग्णवाहिका), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०९८ (मुलांसाठीची चाइल्डलाइन) हे नंबर पाठ झालेत. स्मार्टफोनला लॉक असला तरी इमर्जन्सी कॉलमधून ११२ लागतो, हेही करून दाखवलंय. सराव बॅटरी काढलेल्या जुन्या फोनवरच घेतो. खेळ म्हणून खरा फोन लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच बजावलंय.

अडतंय ते पत्त्यावर. ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथे "आमच्या आखाड्यावर (म्हणजे शेतवस्तीवर) या" म्हणून काय कळणार? पिंपळगाव, वडगाव नावाची गावं तर तालुक्यागणिक आहेत. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, वस्ती, ओळखीची खूण असा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आत चिकटवला. पहिलीच्या मुलांना तो वाचता येत नाही. तोंडपाठ करून घेतलं, तर समोरच्याने मधेच "काय झालंय?" विचारलं की सगळा क्रम विसरतात आणि घाबरून फोन ठेवून देतात. खरं तर समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचाच नाही, हीच सवय सगळ्यात आधी लागायला हवी.

वस्तीवर इंटरनेट नाही, रेंज फक्त गच्चीवर. त्यामुळे लोकेशन पाठवा, ॲप घ्या हे उपाय चालणार नाहीत. मधे प्रश्न आला तरी सहा-सात वर्षांचं मूल पत्ता पूर्ण सांगेल, असा सराव कुणी घेतलाय का? आणि रस्त्यापासून आत असलेल्या वस्तीसाठी कोणती खूण रुग्णवाहिकेच्या चालकाला खरोखर उपयोगी पडते: डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), दूध डेअरी, मंदिर, की फाट्याचं नाव?