मदत हवी आहे: जुन्या विलिज जीपचे ब्रेक गरम झाले की सुटतच नाहीत

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे विलिज सीजे-३बी आहे, तीच उंच बॉनेटवाली. सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. आता पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून सगळ्यात आधी ब्रेक हातात घेतले, कारण या गाडीला चारही चाकांसाठी मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट आहे. कुठेही एक पाईप फुटला की पेडल थेट पायाखालच्या फळीला टेकतं. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मला "चालतंय, चालू दे" असं नको आहे.

आतापर्यंत केलेलं काम सांगतो. चाकांबरोबर फिरणारे चारही ब्रेक ड्रम उतरवले. (डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात हे लक्षात ठेवा. पाना उजवीकडे फिरवला तर ते सुटतात. हे माहीत नसलेल्याच्या हातून स्टड तुटतो.) शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे) नवीन लायनरचे बसवले, शू ढकलणारे व्हील सिलिंडर हॉन करून (आतून घासून) नवीन रबरी किट टाकली, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडरही फळीखालून काढून त्यात किट घातली. स्टीलचे पाईप नवीन, रबरी होज मात्र जुनेच ठेवले, वरून चांगले दिसत होते. सगळे भाग पेट्रोलने स्वच्छ धुतले, पाईपमधूनही पेट्रोल सोडलं, आणि डॉट ३ ब्रेक ऑइल भरून पाईपमधली हवा काढली.

पहिले दोन दिवस पेडल अगदी छान होतं. आता मात्र चार-पाच किलोमीटर गेलं की पेडल वर येतं आणि दगडासारखं कडक होतं. गाडी जड चालते, लायनर जळल्याचा वास येतो. काल थांबून ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्र करून उडाले. चारही चाकांवर तेच. उतारावर गिअर काढून पेडल सोडलं तरी गाडी जागची हलत नाही. अर्धा तास उभी केली की आपोआप मोकळी होते.

शू जास्त घट्ट बसलेत असं वाटून अॅडजस्टर मागे फिरवले. ड्रम थंड असताना चाक हाताने छान फिरतं, पण गरम झाल्यावर पुन्हा तेच. पेडलची स्प्रिंग बरोबर आहे. आता नेमकं कुठे बघू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

पहिलं म्हणजे, दोष सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. ऑइल उकळलं तर आज कडक असलेलं पेडल एका क्षणात पोकळ होईल.

चारही चाकं सारखी तापत असतील तर दोष चाकाकडे नाही, सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी आहे. खात्री करून घ्या. ब्रेक धरलेले असतानाच कुठल्याही एका चाकाच्या ब्रेकची (टायरची नव्हे) हवा काढायची निप्पल पाव फेरा सोडा. डोळ्यांवर चष्मा हवाच, ऑइल जोरात उडतं आणि गरम असतं. ऑइल उडून चारही चाकं सुटली तर लाईनमध्ये दाब अडकून राहतोय. फक्त तेवढंच चाक सुटलं तर त्याचा होज आतून फुगलेला आहे, ऑइल जोराने जातं पण परत येत नाही. आणि ऑइल उडालंच नाही, चाकही सुटलं नाही, तर मग शू, स्प्रिंग किंवा शू ज्यावर टेकतात ती अँकर पिन बघा.

जॅक लावताना बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते.

प्रतिसाद २

वरचा सल्ला बरोबर आहे, पण माझी नजर पेट्रोलवर अडकली. ब्रेकचं रबर ग्लायकोलच्या (डॉट ३ सारख्या) ऑइलसाठी बनवलेलं असतं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं, आणि पाईपमध्ये थोडं पेट्रोल राहिलं तरी पुरतं.

मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या पुढच्या रबरी कपासमोर एक अगदी बारीक भोक असतं. पेडल पूर्ण सुटल्यावर कप त्या भोकाच्या मागे जायला हवा, म्हणजे गरम होऊन पसरलेलं ऑइल तिथून ब्रेक ऑइलच्या टाकीत परततं. कप फुगला की त्याची कड भोकावरच बसते. ऑइलला परतायला वाट नाही, म्हणून शू ड्रमला घासतात, त्याने उष्णता वाढते आणि ऑइल आणखी पसरतं. तुमचं पेडल वर वर येतंय ते यामुळेच.

फळीवरचं झाकण काढून टाकीत टॉर्च मारा आणि कुणाला तरी पेडल हलकेच दाबायला सांगा. सुरुवातीलाच ऑइलची लहानशी उकळी (बारीक कारंजं) वर आली तर भोक मोकळं आहे. आली नाही तर आधी पुशरॉड (पेडलने पिस्टन ढकलणारा दांडा) सैल करून पेडलला अर्धा इंच ढील द्या आणि पुन्हा बघा. तरीही नाही आली तर सिलिंडर खोलाच.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी गाडी शेडच्या आवारातच फिरवून तापवली. मागच्या उजव्या चाकाची निप्पल सोडली, ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चारही चाकं सुटली. टाकीत उकळी नव्हती. ढील दिल्यावरही नाही.

सिलिंडर खोलला. बाहेर काढलेला कप नव्या कपाशेजारी ठेवला तर फरक डोळ्यांना दिसतो. कड बाहेर वळलेली, रबर मऊ, नख दाबलं की खूण तशीच राहते. व्हील सिलिंडरचे कपही तसेच.

होज बदलावेत का? आणि पाईप कशाने धुवू?

प्रतिसाद २

होज बदलाच, बाहेरून चांगला दिसणारा होज आतून बंद असू शकतो. रबराचा प्रत्येक तुकडा नवीन घ्या, एकही जुना ठेवू नका. स्टीलचे पाईप आणि सिलिंडर स्पिरिटने धुवा, हवेने पूर्ण कोरडे करा, कप बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावा, ग्रीस नाही. ड्रममधली जुनी धूळ मात्र हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा.

धागाकर्ता

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. होजही बदलले. जुना पुढचा होज उभा चिरून पाहिला, आतली भोकाची जागा जेमतेम सुई जाईल एवढीच उरली होती. तो तसाच ठेवला असता तर एक चाक पुन्हा धरलंच असतं.

टाकीत आता पेडल दाबताच उकळी येते. आज दहा किलोमीटर फिरवून आणली. ड्रम कोमट होते, पेडल जिथल्या तिथे. मग त्याच उतारावर नेली, गिअर काढला, पेडल सोडलं, आणि गाडी आपली आपण सुटली.