नगरपरिषदेच्या बाजारपेठ व तलाव सुधारणेचा वाढीव खर्च कोण भरतो?

प्रश्न – पेठेतील रहिवासी

आमचे शहर ब वर्ग नगरपरिषदेचे आहे. जुनी पेठ, भाजी मंडई आणि तलावाचा परिसर यांच्या एकत्रित सुधारणेचे काम शासनाच्या अनुदानातून मंजूर झाले, त्याची मूळ मुदतही कधीच उलटली. तलावाभोवतीचा पदपथ अर्धवट आहे, मंडईच्या नव्या गाळ्यांच्या खांबांतून वर आलेल्या सळया दोन पावसाळे गंजत उभ्या आहेत आणि पेठेतील काँक्रीटचा रस्ता जलवाहिनी बदलण्यासाठी पुन्हा फोडावा लागला. आता सुधारित अंदाजपत्रक तयार होत असून खर्च बराच वाढणार असल्याचे समजते. ‘पैसा शासनाचा आहे, शहरावर बोजा नाही’ असे आम्हाला सांगितले जाते. परंतु त्याच सुमारास चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, कर आकारणीच्या नोटिसाही घरोघर आल्या आहेत. खर्च कशामुळे वाढतो, तो नेमका कोणाच्या वाट्याला येतो आणि सामान्य नागरिकाने कोणती कागदपत्रे पाहावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त अभियंता

आपण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी दुसरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. अनुदान सहसा मूळ प्रशासकीय मान्यतेच्या रकमेवर ठरते आणि त्यापुढील वाढ नगरपरिषदेने स्वनिधीतून भागवावी, अशी अट मंजुरीच्या आदेशात बहुधा असते. समजा, काम 20 कोटींचे आहे, त्यात शासनाचे 16 कोटी आणि नगरपरिषदेचा स्वहिस्सा 4 कोटी. खर्च 25 कोटींवर गेला आणि अनुदान वाढले नाही, तर नगरपरिषदेला 9 कोटी उभे करावे लागतील. एकूण खर्च सव्वापट झाला, पण शहराचा वाटा सव्वादोनपट झाला. ‘बोजा नाही’ हे विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

वाढीची सगळीच कारणे संशयास्पद नसतात. शासकीय कामांच्या ठेक्यावरील जीएसटी 18 जुलै 2022 पासून 12 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. 20 कोटींच्या करपूर्व कामावर एवढ्यानेच 1 कोटी 20 लाखांचा फरक पडतो. 2021 आणि 2022 मध्ये लोखंडाचे भावही खूप चढले होते. जुन्या दरसूचीवर बेतलेले अंदाजपत्रक मंजुरीच्या फाइलमध्ये वर्षभर अडकले की निविदा निघेपर्यंत ते शिळे होते, आणि मग ठेकेदार अधिक दराने निविदा भरतात.

आपल्या पेठेतील रस्त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मला अस्वस्थ करते. जुन्या गावठाणात काँक्रीट टाकण्याआधी जलवाहिन्या, गटारे आणि महावितरणचे खांब यांचे स्थलांतर हिशेबात धरावेच लागते. ते सविस्तर प्रकल्प अहवालात नसेल, तर पुढे ‘अतिरिक्त बाब’ म्हणून त्याचे पैसे मोजावे लागतात आणि केलेले काम तोडण्याचा खर्च वर पडतो. ही भाववाढ नव्हे, आखणीतील चूक आहे, आणि सुधारित मान्यतेच्या प्रस्तावात या दोन्ही गोष्टी एकाच रकमेत मिसळलेल्या असतील तर त्या वेगळ्या मांडून मागण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे.

उत्तर – लेखा विभागातील अनुभवी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. जकात गेल्यापासून नगरपरिषदांचा मोठा आधार शासनाचे सहायक अनुदान हाच आहे. हक्काचे म्हणावे असे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. वित्त आयोगाच्या निधीतील मोठा भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी बंधित असतो. तो तलावाच्या पदपथाकडे वळवता येत नाही. त्यामुळे 4 कोटींचे 9 कोटी झाले की उरतात ते मार्ग मोजकेच: इतर प्रभागांतील कामे पुढे ढकलणे, कर वाढवणे किंवा हुडकोसारख्या (शहरी कामांना कर्ज देणारी सरकारी संस्था) संस्थेकडून कर्ज घेणे. पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे कर्जरोखे काढले. ब वर्ग नगरपरिषदेला ती वाट जवळपास बंद असते.

पूर्ण झाल्यानंतरचा खर्चही विचारा. तलावातील कारंजे, दिव्यांचे वीजबिल, सुरक्षारक्षक आणि गाळ काढणे यांना प्रकल्पाच्या अनुदानातून सहसा पैसा मिळत नाही.

उत्तर – वोकिंग, सरे

इंग्लंडमधील आमच्या शहराचा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. वोकिंगची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या अ वर्ग नगरपरिषदेएवढी. येथील कौन्सिलने शहराच्या मध्यभागाच्या पुनर्विकासासाठी सरकारी कर्ज काढून ते स्वतःच्या कंपन्यांना दिले. एकट्या व्हिक्टोरिया स्क्वेअरचा खर्च 70 कोटी पौंडांच्या घरात गेला. दुकाने, हॉटेल आणि घरे यांच्या उत्पन्नातून कर्ज फिटेल असे गृहीत धरले होते आणि परतफेडीसाठी दरवर्षी बाजूला ठेवायला हवी होती तेवढी रक्कम ठेवली गेली नाही. 7 जून 2023 रोजी कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागवण्याइतका पैसा नसल्याचे अधिकृतपणे जाहीर केले, तेव्हा अपेक्षित तूट 120 कोटी पौंड होती आणि वर्षाचा मूळ निधी अवघा 1.6 कोटी. पुढच्या वर्षी कौन्सिलच्या वाट्याचा कर जवळपास 10 टक्क्यांनी वाढला आणि स्थानिक सेवांना कात्री लागली. ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रिटनच्या केंद्र सरकारने 50 कोटी पौंडांचे कर्ज फेडण्याचे जाहीर केले, तरी बाकीचा डोंगर उभाच आहे. म्हणून आपल्याकडे वाढीव हिश्शासाठी कर्जाचा ठराव आला, तर हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार हे ठरावातच लिहून घ्यावे.

उत्तर – निवृत्त अभियंता

कागदपत्रांबाबत लिहायचे राहिले. मूळ प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, निविदेतील भाववाढीचे कलम, प्रत्येक मुदतवाढीचे पत्र आणि अदा केलेल्या देयकांची यादी मागा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मान्यतांसाठी एक आणि देयकांसाठी दुसरा असे वेगळे अर्ज करा. शुल्क प्रत्येकी 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. मुदतवाढीची पत्रे आधी वाचा. विलंब ठेकेदाराचा असेल, तर त्या काळातील भाववाढ देय होते की दंड, हे तेथेच कळते.

प्रश्नकर्ता – पेठेतील रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. सुधारित प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येण्याआधी व्यापारी आणि मंडईतील विक्रेते मिळून मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन देणार आहोत. त्यात वाढीव रकमेची फोड, स्वहिस्सा भरण्याचा मार्ग आणि देखभालीची वार्षिक तरतूद या तीनच मागण्या ठेवू. दोन्ही अर्ज या आठवड्यात दाखल करतो. उत्तरे मिळाली की येथे देईन.