नागपूरला लग्नाला जायचंय, ह्यांचा ऑक्सिजन कसा न्यावा?

सदाशिवपेठेतली काकू:
ह्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, दम लागतो. घरी ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) आहे, चालताना आणि झोपताना मिनिटाला २ लिटर लागतो. ते यंत्र म्हणजे चाकं लावलेली तिजोरी, आणि आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून पोर्टेबल भाड्यानं आणून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काकू, बॅटरी चार तास." सारसबागेत गेलो. २ वर ठेवलं तर चालताना ऑक्सिमीटर ८५! ३ वर ९० झालं, पण पावणेदोन तासांत बॅटरी ओरडायला लागली. घाम फुटला मला. ह्यांना तेवढ्यात भेळ खायची होती. भाचीचं लग्न नागपूरला आहे. रेल्वे की विमान?

वडिलांसाठी धावणारा:
काकू, त्यावरचा २ म्हणजे २ लिटर नव्हे. ही यंत्रं श्वास आत घेतला की तेवढ्यापुरती फुंकर सोडतात, आणि आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा. 'चार तास' बहुतेक १ वरचे असतात. घेण्याआधी डॉक्टरांसमोर हेच यंत्र लावून काकांना सहा मिनिटं चालवा. झोपेत तोंडानं श्वास घेतला तर काही यंत्रांना तो कळतच नाही, म्हणून रात्रीसाठी नागपुरातच मोठं भाड्यानं घ्या.

कोथरूडकर:
रेल्वेच्या डब्यातला प्लग मोबाइलपुरताच, मोठं यंत्र त्यावर लावू नका. रात्रभराच्या प्रवासापेक्षा विमान बरं. पण स्वतःचा सिलिंडर विमानात चालत नाही. पोर्टेबल चालतं, एअरलाइनला आधी कळवून डॉक्टरांचं पत्र द्या. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. प्रवासाच्या दीडपट चार्ज धरा, शिवाय विमानतळावरचं ताटकळणं. केबिनमधली हवा ६ ते ८ हजार फुटांवर असावी तितकी विरळ असते, म्हणजे सिंहगडाच्याही वर! तिथे किती आकडा, ते डॉक्टरांनाच विचारा.

सदाशिवपेठेतली काकू:
डॉक्टरांनी चालवून पाहिलं. जमिनीवर चालताना ३, विमानात ४. दोन बॅटऱ्या जास्तीच्या मिळाल्या. आता ह्यांची अडचण वेगळीच: फेटा बांधला तर नळी कानामागे कशी बसणार?

वडिलांसाठी धावणारा:
आधी नळी, मग फेटा. बांधणाऱ्याला कानाशी सैल ठेवायला सांगा. आणि काकांना होमाजवळ बसवू नका, ऑक्सिजन चालू असताना ठिणगीही नको.

सदाशिवपेठेतली काकू:
अरे देवा, कन्यादान हेच करणार होते!