मदत हवी आहे: १५६८ च्या जहाज-जप्तीवर लिहितोय, एक मराठी शब्द अडलाय

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या जहाज-जप्तीवर लेख लिहितोय आणि चार दिवस एका शब्दापाशी अडकलोय.

नोव्हेंबर १५६८. स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये त्याचा कारभार पाहणाऱ्या आल्बाच्या ड्यूकच्या सैन्याचा पगार घेऊन निघालेली स्पॅनिश जहाजं फ्रेंच चाच्यांच्या भीतीने प्लिमथ, साउदॅम्प्टन अशा इंग्लिश बंदरांत शिरली. नाण्यांच्या पेट्या किनाऱ्यावर उतरल्या त्या परत चढल्याच नाहीत. राणीचं म्हणणं, नेदरलँड्समधल्या अँटवर्प बंदराला पोचेपर्यंत पैसा जिनोव्हाच्या सावकारांचा, स्पेनच्या राजाचा नव्हे. मग तो मीच कर्जाऊ घेते. काय जबरदस्त युक्तिवाद आहे! आल्बाने इंग्रज व्यापाऱ्यांचा माल अडकवला, इंग्लंडनेही उलट तेच केलं. मिटवामिटवी झाली थेट १५७४ च्या ब्रिस्टल करारात. तोवर होरपळले ते व्यापारी.

आता अडचण. परक्या देशाने माल हिरावलेल्या व्यापाऱ्याला त्या देशाच्या कुठल्याही जहाजावरून भरपाई वसूल करू देणारं सरकारी पत्र मिळायचं. त्याला मराठीत काय म्हणू? ‘सूडपत्र’ नको, कारण हेतू भरपाईचा. ‘वसुली-परवाना’ म्हटलं तर शेतसाऱ्याची आठवण येते. आंग्र्यांच्या आरमाराचे मोडी कागद वाचलेल्या कुणाला जवळचा शब्द आढळलाय का? कृपया संदर्भासकट सांगा.