प्रश्नावलीत पाण्याचा रकानाच नव्हता
आरोग्य-जागृतीच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन बाहेरच्या तज्ज्ञांनीच करावे, कारण गावकरी भिडेपोटी सगळे चांगलेच सांगतात, हा नेहमीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. भीड असते, पण ती बहुधा बाहेरून येऊन विचारणाऱ्यापुढे वाटते. महाराष्ट्रात २००७ मध्ये ५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीत ग्रामस्थच आरोग्यसेवांना हिरवा (चांगली), पिवळा (मध्यम) किंवा लाल (वाईट) रंग देत आणि ते तक्ते जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांसमोरच्या जाहीर सुनावणीत, मांडले जात.

पेठ तालुक्यातील एका पाड्यावर, हात धुण्याच्या मोहिमेनंतर, बहुतेकांनी मूल्यमापनाला गेलेल्या आम्हाला 'साबण वापरतो' असे सांगितले होते. पुढे बायकांनी अंगणात रांगोळीने पाड्याचा नकाशा काढला, तेव्हा पहिले बोट आटलेल्या विहिरीवर पडले. होळीनंतर हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरावे लागते, त्यातले हातांवर किती ओतायचे, असा त्यांचा प्रश्न होता. आणि आमच्या प्रश्नावलीत (ती नाशिकला पंख्याखाली बसून तयार केलेली) पाण्याचा रकानाच नव्हता.